दारामागची पिशवी

"ताई, बेरिल तुमच्याकडं येणार का?"

हा प्रश्न मला ह्युस्टनमध्ये कुणी विचारला असता तर नवल वाटलं नसतं. विचारला तो नौबादला, आत्याच्या अंगणात, शेजारच्या नववीतल्या पोरानं. तारीख १ जुलै २०२४. त्या आठवड्यात बेरिल हे नाव भारतातल्या पोरासोरांना पाठ झालं होतं. २९ जूनला वर्ल्ड कप जिंकलेला आपला संघ त्याच चक्रीवादळामुळे बार्बाडोसमध्ये अडकला होता. विमानतळ बंद, खेळाडू हॉटेलात, आणि रोहित शर्मा घरी कधी येणार याची काळजी नौबादच्या आमच्या गल्लीला. मी अमेरिकेहून आलेली, त्यात ह्युस्टनची, म्हणजे वादळाची अधिकृत प्रवक्ती मीच.

"नाही रे, ते मेक्सिकोकडं चाललंय," मी सांगून टाकलं. त्या दिवशीचा अंदाज तसाच होता, एवढं माझ्या बाजूनं नोंदवून ठेवते.

आपल्यापैकी बहुतेक जण शाळांना सुट्टी लागली की जून-जुलैत भारतात जातो. अटलांटिकमधल्या वादळांचा मोसम असतो १ जून ते ३० नोव्हेंबर. म्हणजे आपली सुट्टी बरोबर त्यातच पडते. दहा वर्षं ह्युस्टनमध्ये राहून ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी शिरली नव्हती. बॅगा भरताना मुलांचे कपडे, आत्यासाठी बदाम, भाच्यांसाठी चॉकलेटं, सगळं आठवलं. गॅरेजमधला तो निळा प्लॅस्टिकचा डबा मात्र आठवूनसुद्धा तसाच सोडला. आमचा 'इमर्जन्सी किट'चा डबा. १६ मे रोजी ह्युस्टनवरून जे सरळ रेषेतलं वादळ गेलं, डेरेचो म्हणतात त्याला, त्यात आमची वीज तीन दिवस नव्हती. तेव्हा डब्यातलं पाणी, बॅटऱ्या, डबाबंद चणे आणि राजमा, सगळं वापरून झालं. "भारतातून आल्यावर भरू," मी नवऱ्याला म्हटलं होतं. तोही हो म्हणाला होता. आमच्या घरात ज्या गोष्टीवर दोघांचं लगेच एकमत होतं ती गोष्ट होत नाही.

या खेपेला मी आणि दोन्ही मुलं पुढे आलो होतो. नवऱ्याची रजा शिल्लक नव्हती. सासूबाई एप्रिलमध्येच सहा महिन्यांसाठी ह्युस्टनला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तू जाऊन ये बिनधास्त. मी आहे ना इथे." त्यांचं वय एकाहत्तर, पंधरा वर्षांचा मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन.

नौबाद म्हणजे बिदर शहराच्या पश्चिमेचं गाव, आता शहरातच मुरून गेलेलं. माझे आईबाबा हल्ली पुण्याला भावाकडे असतात, पण घर नौबादचं, आणि घरात बाबांची थोरली बहीण, आमची आत्या. १९५६ पर्यंत बिदर हैदराबाद संस्थानातून आलेल्या राज्यात होतं. मग भाषावार प्रांत झाले तेव्हा जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि बिदर म्हैसूर राज्यात. सोयरीक मात्र कुणी वाटून घेतली नाही. त्यामुळे आत्या भाजीवाल्याशी कन्नडमध्ये भाव करते, रिक्षावाल्याशी दखनीत भांडते आणि घरात आल्यावर मराठीत दमते. माझी मुलं हे तोंड उघडं ठेवून बघतात. ह्युस्टनला त्यांना एक मराठी बोलायची तर किती विनवण्या कराव्या लागतात!

घर जांभ्या दगडाचं आहे. बिदर उभंच जांभ्यावर. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार फूट उंचीचं पठार, वर जांभ्याचं जाड टोपण, खाली काळा खडक. जांभा स्पंजासारखा. पावसाचं पाणी पितो, हळूहळू खाली झिरपवतो, आणि काळा खडक लागला की ते पाणी आडवं वाहू लागतं. कुठे कड्याला फट मिळाली की झरा होऊन बाहेर येतं. गुरुद्वाऱ्यातला नानक झिरा, पापनाश, नृसिंह झरणी, ही बिदरची सगळी तीर्थं त्या एका गोष्टीवर उभी आहेत. लहानपणी झरणीतून कमरेभर पाण्यातून नरसिंहाच्या दर्शनाला जाताना मला हे कुणी सांगितलं असतं तर भूगोलात दोन मार्क जास्त पडले असते.

शनिवारी, ६ जुलैला, चुलतभाऊ आम्हाला करेज दाखवायला घेऊन गेला. नौबादची आहे म्हणून मला ती माहीत असायला हवी होती, पण खरं सांगायचं तर आमच्या लहानपणी त्या 'जुन्या विहिरी' होत्या, आणि तिकडे जाऊ नका एवढंच घरचे सांगायचे. काहींत कचरा होता, काही झुडपांत हरवल्या होत्या. त्या विहिरी एका ओळीत का आहेत, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. पुढे मी इंजिनिअर झाले हे विशेषच.

करेज म्हणजे जमिनीखालचा बोगदा. मूळ इराणचा शोध, तिकडे कनात म्हणतात. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहानं राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली. पठारावरचं शहर, खाली नदी नाही, म्हणजे पहिला प्रश्न पाण्याचा. दरबारात इराणहून आलेली माणसं होती, त्यांच्याबरोबर ही विद्या आली. चढाच्या बाजूला जिथे खडकात पाणी सापडतं तिथे मूळ विहीर खणायची. तिथून अगदी किंचित उतार देत बोगदा काढायचा, आणि वर ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी पाडत जायच्या. माती वर काढायला, हवा खेळायला, आणि पुढे गाळ उपसायला माणूस उतरवता यावा म्हणून. नौबादची ही रांग दोन-तीन किलोमीटर जाते. अशा वीसेक उभ्या विहिरी आहेत. आपल्या औरंगाबादची मलिक अंबरची नहर ज्यांनी पाहिली असेल त्यांना कल्पना येईल, पण ही तिच्या दीड-दोनशे वर्षं आधीची. बिदरमध्येच शुक्लतीर्थ आणि जमना मोरी या आणखी दोन आहेत. गेल्या दशकात इथला गाळ उपसायचं काम झालं, अभ्यासक आले, नकाशे निघाले. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं २०२० च्या यादीत दख्खनच्या पठारावरच्या जुन्या जलव्यवस्था घेतल्या, तेव्हा कुठे आमच्या गल्लीलाही आपल्या परसात काय आहे ते कळलं.

पावसाचे दिवस, त्यामुळे आत उतरायचा प्रश्नच नव्हता. एका विहिरीच्या काठाशी, जाळीपासून दोन हात लांब, आम्ही उभे राहिलो. जांभ्यात कापलेली लालसर भिंत खाली अंधारात जात होती. धाकट्यानं विचारलं, "याला पंप कुठे आहे?" पंप नाही म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. वीज लागत नाही, मोटर लागत नाही, फक्त उतार. "मग बंद कधी पडतं?" मुलीनं विचारलं. भाऊ म्हणाला, "साफ केलं नाही की."

त्या रात्री झोपताना सवयीनं फोन उघडला. बेरिलची रेघ मेक्सिकोवरून सरकून टेक्सासच्या किनाऱ्यावर आली होती.

रविवारी सकाळी साडेसात वाजता नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. ह्युस्टनला शनिवारची रात्र, नऊ वाजलेले. तो सोफ्यावर निवांत. "कॉर्पस क्रिस्टीकडे जातंय म्हणतात, आपल्याकडे पाऊस पडेल थोडा." मी म्हटलं, रेघ रोज वर सरकतेय, उद्या अजून सरकली तर? शुक्रवारी युकातानमध्ये घुसताना वादळ कमी झालं होतं, पण आता ते पुन्हा मेक्सिकोच्या आखातात होतं आणि आखाताचं पाणी जुलैत किती गरम असतं हे आपल्याला काय सांगायचं. त्याच्या आधी हेच वादळ दोन जुलैच्या सुमाराला पाचव्या श्रेणीला पोचलं होतं. अटलांटिकच्या नोंदींत वर्षाच्या इतक्या लवकर तिथवर गेलेलं दुसरं नाही.

"गॅरेजमध्ये जा," मी म्हटलं.

मग नौबादच्या ओसरीवर बसून साडेचौदा हजार किलोमीटरवरच्या घराची झाडाझडती सुरू झाली. निळा डबा उघडला. आत एक टॉर्च, सेलविना. मेणबत्त्यांचे तीन तुकडे. एक डबा उघडायचं यंत्र, आणि उघडायला डबा एकही नाही. पाण्याच्या दोन बाटल्या. अमेरिकेत सांगतात माणशी रोज एक गॅलन पाणी, म्हणजे जवळजवळ पावणेचार लिटर, किमान तीन दिवसांचं. दोन माणसांना सहा गॅलन. आमच्याकडे एक लिटर.

"बाथटब भरून ठेव. टॉयलेटपुरतं होईल. कारमध्ये पेट्रोल?"

"अर्धी टाकी."

"आत्ता जा."

"आत्ता? उद्या सकाळी जातो ना."

आत्या चहा घेऊन आली होती. तिनं फोनमध्ये डोकावून जावईबापूंची विचारपूस केली आणि मला विचारलं, "काय करलालीस गं सकाळपासून? कुणाला ओरडलालीस?"

मी तिला सांगितलं. वादळ, वीज जाणार, दुकानं रिकामी होणार, सामान भरून ठेवायचं. तिला इमर्जन्सी किट समजावून सांगायला लागले तशी ती उठली, दारामागच्या खुंटीवरची खाकी कापडी पिशवी काढून आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

ती पिशवी मी जन्मभर त्या खुंटीला बघत आले आहे. उघडून कधी बघितली नव्हती. आत एक टॉर्च, सेल वेगळे काढून पुडीत बांधलेले. प्लॅस्टिकमध्ये रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, घराच्या कागदांच्या झेरॉक्सा. एक जाड चादर. एक स्टीलचा पेला. आठवड्याची बीपीची गोळ्यांची पट्टी. पार्ले-जीचे दोन पुडे. पाचशेच्या तीन नोटा. आणि एक शिट्टी.

"शिट्टी कशाला?"

"ढिगाऱ्याखाली सापडलं तर ओरडून घसा बसतो. शिट्टी वाजवायला दम कमी लागतो."

पिशवी १९९३ ची. ३० सप्टेंबरची पहाट, चारला काही मिनिटं कमी. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारीला जे झालं ते तुमच्या-माझ्या आईवडिलांच्या पिढीला सांगायला नको. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक दगडमातीच्या घरांखाली. बिदर तिथून फार लांब नाही. मी पाच वर्षांची होते. मला भूकंप आठवत नाही, त्यानंतरचं आठवतं. अंगणात ताडपत्रीखाली सगळे एका रांगेत झोपायचो, रात्री पाऊस यायचा, आणि बाबा ताडपत्रीत साचलेलं पाणी काठीनं वर ढकलून सांडायचे. आम्हा पोरांना ती सहल वाटायची. आत्याच्या माहेरच्या ओळखीतलं निलंग्याकडचं एक कुटुंब त्या पहाटे संपलं होतं. हे मला त्या रविवारी पहिल्यांदा कळलं.

"एकतीस वर्षं झाली, आत्या. अजून भरतेस?"

"दर संक्रांतीला नि दर नागपंचमीला उघडते. सेल बदलते, गोळ्या बदलते. बिस्किटं तुझ्या पोरांसारखी कुणीतरी खातंच, ती नवी आणते."

मी म्हटलं, इथे कुठं वादळ येतंय! समुद्र कुठल्याही बाजूला शेकडो किलोमीटर. त्यावर आत्यानं मला माझ्याच फोनवर २०२० सालचा ऑक्टोबर शोधायला लावला. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा १३ ऑक्टोबरला काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढला आणि विरून न जाता सरळ पठार ओलांडत निघाला. हैदराबाद बुडालं, मग इकडे पाऊस, कलबुर्गी जिल्ह्यात भीमेला पूर, आणि ते तसंच पुढे महाराष्ट्रातून अरबी समुद्रात उतरलं. मी तेव्हा ह्युस्टनमध्ये घरूनच काम करत होते. फोनवर ती "पाऊस लई झाला, सोयाबीन भिजलं" एवढंच बोलली होती आणि मी "अरेरे" म्हणून मीटिंगला गेले होते.

मग आत्याची आणि सासूबाईंची थेट बोलणी झाली. मला मध्येच घेतलं नाही. दोन्ही घरांत मधुमेह असल्यामुळे विषयाला तोटा नव्हता. पहिला मुद्दा इन्सुलिन. फ्रिजमध्ये न उघडलेली तीन पेनं, एक वापरातलं. दुसरा मुद्दा खाणं. अमेरिकन यादीत असतात बीन्स, टूना, ग्रॅनोला. सासूबाई टूना बघतही नाहीत. आत्यानं विचारलं, "कडक भाकरी नाही का तुमच्याकडं?" ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: सोलापूर, गुलबर्गा, बिदर या पट्ट्यात ज्वारीची किंवा बाजरीची पातळ भाकरी भाजून पापडासारखी कडक करतात. डब्यात ठेवली की कित्येक दिवस टिकते. शेंगाचटणी, दही किंवा नुसतं तेल-तिखट घेऊन खायची. शेतावर जाणाऱ्यांची, लांब प्रवासाला निघालेल्यांची ही शिदोरी. ह्युस्टनला ती कुठून असणार! पण सासूबाईंनी मान डोलावली आणि रविवारी दिवसभर, वीज असेपर्यंत, त्या खपल्या. दुधात कणीक मळून गुळाच्या दशम्या, स्वतःसाठी बिनगुळाच्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, भाजलेले शेंगदाणे, मेतकूट, चुरमुऱ्यांचा चिवडा. नवरा रविवारी सकाळी दुकानात पोचला तेव्हा पाण्याचं शेल्फ रिकामं होतं. त्याला पाणी मिळालं ते चौथ्या दुकानात, सोड्याच्या रूपात. घरातली पातेली, कुकर, दोन कूलर, माझं इडलीपात्र, सगळं नळाच्या पाण्यानं भरलं गेलं. इडलीपात्र का, ते मी विचारलं नाही.

त्यांच्याकडे काही चुकलं असेल तर ते घाईचं. माझं चुकलं होतं मे महिन्यात, सावकाशीनं.

सोमवारी, ८ जुलैला, ह्युस्टनच्या पहाटे चारच्या सुमाराला बेरिल माटागोर्डाजवळ किनाऱ्याला लागलं. नौबादला दुपारचे अडीच. पहिल्या श्रेणीचं, ताशी साधारण १३० किलोमीटरचा वारा. पाचव्या श्रेणीचं नाव काढून झाल्यावर पहिली श्रेणी किरकोळ वाटते. साडेचारला नवऱ्याचा शेवटचा मेसेज आला: "वीज गेली. वारा खूप. आई जागी आहे. मागचं ओकचं झाड हलतंय." त्यानंतर काही नाही.

ते झाड आमच्या बेडरूमच्या खिडकीपासून बारा फुटांवर आहे.

मी पंधरा वेळा फोन लावला. ह्युस्टनच्या बातम्या लावल्या. बावीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती, मोबाइलचं नेटवर्कही ठिकठिकाणी पडलेलं. आमच्या राज्याचे गव्हर्नरसुद्धा तेव्हा आशियाच्या दौऱ्यावर होते, म्हणजे सुट्टीवर, नाही, कामावर, पण माझ्यासारखेच घरापासून लांब. याचा मला त्या संध्याकाळी उगाच आधार वाटला. नौबादला पाऊस सुरू झाला. सातला आमचीही वीज गेली. इथे ती जाते तेव्हा कुणी मान वर करून बघत नाही. आत्यानं कंदील लावला, स्वयंपाकघरात गेली, आणि मुलांना भाकरी थापायला बसवलं. मला काही बोलली नाही. नववीतला पोरगा दोनदा दारात येऊन गेला, "आला का फोन?"

आला रात्री अकरा वाजता, तोही आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीचा. तिच्याकडे नेटवर्क होतं. तिचा नवरा पडलेल्या फांद्या चुकवत गाडी घेऊन आमच्या घरी जाऊन आला होता. दोघं ठीक. झाड पडलं होतं, पण कुंपणाच्या दिशेनं. कुंपण गेलं, शेजाऱ्याचं बार्बेक्यू गेलं.

मग सुरू झाला तो आठवडा. वादळापेक्षा वादळानंतरचे दिवस वाईट असतात हे ह्युस्टनकरांना ठाऊक आहे. उकाडा, दमट हवा, एसी नाही. आमची वीज सहा दिवसांनी आली. बंद फ्रिज चार तास थंडी धरून ठेवतो, पुढे तो नुसतं कपाट. बर्फासाठी रांगा. न उघडलेली पेनं दोन ते आठ अंशांत ठेवायची असतात. वापरातलं पेन खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे चालतं, पण ती खोली तीस अंशांच्या आत पाहिजे. आमच्या दिवाणखान्यात दुसऱ्या दिवशी दुपारी तेहतीस झाले.

आत्यानं सांगितलं, माठात ठेवा. इथे फ्रिज नसलेली किती तरी घरं तसंच करतात, ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ, आत डबी. सासूबाईंनी लगेच कुंडी रिकामी करून धुतली, एकात एक दोन कुंड्या, मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं. नवऱ्यानं आत थर्मामीटर ठेवला. दोन तासांनी तीसच्या वर. रात्रभर ठेवला तरी तेच. नौबादच्या उन्हाळ्यात माठ गार होतो कारण कोरडी हवा माठावरचं पाणी ओढून घेते. ह्युस्टनच्या जुलैची हवा आधीच ओली, ती काय ओढणार! हे मला आधी सुचायला हवं होतं. आत्याला वाईट वाटलं. "तिकडची हवाच तसली," ती म्हणाली, जणू तिच्या माठाचा कुणी अपमान केला होता.

शेवटी इन्सुलिन वाचलं ते साध्या गोष्टीनं. कूलर, मिळेल तेवढा बर्फ, आणि बर्फ आणि पेन यांच्यामध्ये टॉवेलची घडी, कारण इन्सुलिन गोठलं तरी फुकट जातं. बर्फ रोज तीच मैत्रीण आणायची. तिसऱ्या दिवशी तिच्या घरची वीज आली आणि तिनं सासूबाईंना उचलून नेलं. नवरा घर राखायला थांबला. एका संध्याकाळी तो म्हणाला, गॅरेजमध्ये कोळशाची ग्रिल पेटवून खिचडी करतो, बाहेर पाऊस आहे. मी ओरडायच्या आत आत्याच ओरडली, "जावईबापू! बंद खोलीत शेगडी पेटवतात का कुणी? थंडीत अशानं माणसं झोपेत जातात!" त्या दिवसांत ह्युस्टनमध्ये घरात किंवा दाराजवळ जनरेटर चालवून विषारी वायूनं माणसं दगावली, कित्येक इस्पितळात गेली. गॅसची शेगडी स्वयंपाकघरात होती, काडीनं पेटत होती. वीज नसताना ती चालते हे त्याला चौथ्या दिवशी कळलं. दशम्या तोवर संपल्या होत्या.

मी परत जायचा विचार केला होता. तिकिटं बदलायला बसलेही. सासूबाईंनीच अडवलं, "तू येऊन काय करणार, वीज आणणार?" मग आम्ही ठरल्याप्रमाणे पुण्याला गेलो.

नौबादहून निघायच्या आदल्या संध्याकाळी आत्यानं कडक भाकरीचा एक गठ्ठा जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून दिला. वर शेंगाचटणी. नागपंचमी अजून महिन्यावर होती, पण तिनं खुंटीवरची पिशवी काढली, मुलांना समोर बसवलं आणि एकेक वस्तू बाहेर काढून दाखवली. शिट्टी वाजवायला दिली. धाकट्यानं ती अशी वाजवली की नववीतला पोरगा धावत आला.

आमच्या गॅरेजच्या दारामागे आता एक खिळा आहे. निळा डबा भरला आहे, त्याच्यावर मुलीनं तारखा लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे. खिळ्याला कापडी पिशवी. ऑगस्टच्या अखेरीस आत्याचा फोन आला तेव्हा तिनं हवापाण्याची चौकशी केली, सासूबाईंची शुगर विचारली, आणि मग, "पिशवी बघितलीस का?"

"बघितली. बिस्किटं पोरांनी खाल्ली."

"मग फोन ठेव नि आधी आण जा."